डोब्रिंकाच्या डोक्यातलं शहर

बानातच्या सपाट मुलखातल्या एका लहान शहराच्या पालिकेत डोब्रिंका वुयकोव्ह सत्तावीस वर्षं जमिनीच्या नोंदी सांभाळत होती. कुठला तुकडा कोणाचा, कशावरून भावाभावांत कोर्टकचेरी चालू आहे, सगळं तिला तोंडपाठ. कारखान्यासाठी जागा बघायला परदेशातून कोणी आलं, की दुभाष्याला घेऊन आधी तिच्याच टेबलाशी यायचं. ती त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायची, सावकाश कॉफी उकळायची आणि मग कपाटातून पिवळा पडलेला नकाशा काढून उलगडायची. पाहुणे आदबीने वाकून बघायचे. जाताना चॉकलेटचा डबा ठेवून जायचे. त्या रिकाम्या डब्यांतला एकही तिने टाकला नव्हता. घरभर त्यांत बटणं आणि औषधं भरलेली असत.

मग नेवेना आली. नोवी सादच्या विद्यापीठात शिकलेली, सव्वीस वर्षांची, एकेका कानात तीन-तीन बाळ्या. जुनं अक्षर कसं लावायचं, जमिनीचा खोटा उतारा वासावरून कसा ओळखायचा, हे तिला डोब्रिंकानेच शिकवलं. दोन वर्षांत त्या पोरीने शहराचे सगळे नकाशे संगणकावर चढवले आणि इंटरनेटवर खुले करून टाकले. बांधकामाचा परवानाही तिथेच मिळायचा, आणि जर्मन भाषेतसुद्धा.

"दिसायला छान आहे गं," डोब्रिंका हसून म्हणाली होती. "पण घरबसल्या जमीन कोण पसंत करतं?"

तीन महिन्यांनी ऑस्ट्रियाच्या एका केबल बनवणाऱ्या कंपनीने उत्तरेच्या रस्त्यालगतची जागा पसंत केली. सहाशे नोकऱ्या मिळणार होत्या. तोवर कंपनीच्या एकाही माणसाने शहरात पाऊल टाकलं नव्हतं. पेपरात नेवेनाचा हसरा फोटो आला, खाली लिहिलेलं: 'हिने शहराचं दार उघडलं.'

डोब्रिंकाने तो पेपर स्वयंपाकघरात आणला, पालथा ठेवला, परत सुलटा केला.

"जळतंय तुला," नवरा स्तेवान म्हणाला.

"मला कशाला जळेल? मी नसते तर हिला शेत आणि माळ यातला फरक कळला नसता."

"मग अर्धा फोटो तुझाच की."

"अर्धा म्हणजे कुठला? कान?"

दुसऱ्या दिवशी तिने ती जागा नेवेनाच्या नकाशावर उघडून पाहिली आणि जागच्या जागी ताठ बसली. तिथे एकेकाळी वीटभट्टीची खाण होती. तिचा बाप तिथे माती खणायचा; लहानपणी ती त्याचा डबा घेऊन जायची, तेव्हा खाणीच्या पाण्यात बदकं पोहत असायची. पुढे ती खाण कचरा टाकून बुजवली. त्याची नोंद कुठल्याच कागदात नव्हती, म्हणून संगणकातही नव्हती. वरून सपाट गवत, खाली दहा हात भुसभुशीत घाण.

तिला आधी शहराची काळजी वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, उकडलेल्या बटाट्यासारखा गरम, पोटात. चार दिवस तिने तो एकटीने चाखला. नेवेना समोरून गेली की ती गोड हसायची.

पाचव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर आला. मोठ्या दालनात सगळे जमले, पडद्यावर नकाशा लागला, नेवेना बोलायला उभी राहिली. तेव्हा डोब्रिंका मागच्या खुर्चीतून म्हणाली, "तिथे भिंत उभी केली तर ती वर्षभरात खाली बसेल. माझ्या बापाने खणलेला खड्डा आहे तो." आणि तिने सगळं सांगितलं.

नेवेनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता हा माणूस आपल्या टेबलाशी येईल, कपाट उघडायला लावेल, असं डोब्रिंकाला वाटलं. पण तो मान डोलावत नेवेनाकडे वळला. दोघांनी पडद्यावर बोटं फिरवली: रेल्वे जवळ, वीज पोचलेली, मालक एकच. वीस मिनिटांत दुसरी जागा ठरली.

"बाई, इथे खाली काही आहे का?" त्याने दुभाष्यातर्फे विचारलं.

काहीतरी असावं असं तिला मनापासून वाटलं. "नाही," ती म्हणाली. "इथे मका असायचा."

त्याने तिचा हात दाबला, आमचा महिना वाचवलात म्हणाला, आणि कॉफी न घेताच निघून गेला.

जिन्यात नेवेनाने तिला गाठलं. "मावशी, तुम्हाला कधी कळलं हे?"

"चार दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत. फोटो आला म्हणून?"

डोब्रिंकाने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "हो."

"निदान खोटं तरी बोलायचं होतं." नेवेनाचा आवाज चिरकला. मग नाक ओढून ती म्हणाली, "उद्यापासून माझ्याशेजारी बसा. कागदात नाही ते सगळं सांगा, मी चढवते."

"आणि मग मी कशाला उरेन गं?"



डोब्रिंका आठवडाभर आजारपणाची रजा टाकून घरी बसली. मग एका सोमवारी स्वतःची खुर्ची ओढत नेवेनाच्या टेबलाशी गेली. दोघी पंधरा दिवस बसल्या. चौदा खाणी, बुजवलेल्या विहिरी, जमिनीखालून वाहणारा एक ओढा. प्रत्येक खुणेपुढे नेवेनाने लिहिलं: माहिती, डोब्रिंका वुयकोव्ह. दोघींत पहिल्यासारख्या गप्पा मात्र झाल्या नाहीत.

कारखाना पुढच्या वर्षी सुरू झाला. फीत कापताना नेवेना पहिल्या रांगेत होती. डोब्रिंका तिसऱ्या रांगेत, एका पोलिसाच्या खांद्याआड.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी तिने स्तेवानच्या फोनवर तो नकाशा उघडला. तिचं नाव सापडलं. खुणेवर बोट टेकवलं की दिसायचं. नेवेनाचं नाव मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी होतं, न शोधता दिसणारं.

"सूप गार होतंय," स्तेवान म्हणाला.

"थांब. चर्चमागची विहीर हिने पलीकडच्या अंगाला दाखवली आहे," ती म्हणाली आणि नेवेनाचा नंबर लावला.