थिनरचा डबा आणि बाहेरचा नळ

कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठातल्या बैलांच्या सणाला, आमच्या संतपूरकडं बैलांची शिंगं रंगवतात. जुन्या रंगावर नवा नीट बसत नाही, म्हणून जुना काढायला त्या वर्षी मी कोळारहून थिनरचा डबा आणला. तिथल्या फर्निचरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. शिंगं पुसताना गोठ्यात डोकं गरगरलं, ते मी उन्हावर ढकललं. गावचे बैल वेशीत पोचले तरी मी पुसतच होतो. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," बायको म्हणाली.

उरलेलं अर्धा डबा थिनर मी बोअरशेजारच्या खड्ड्यात ओतलं. पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरावं म्हणून तो खड्डा मीच खणून खडीनं भरून घेतला होता. त्यात आपण काय मुरवतोय, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी धो धो पाऊस झाला.

दुसऱ्या दिवशी, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीनं तांब्या तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला.

"अप्पा, पाण्याला कसला वास यायलाय?"

मी हुंगलं, वास थिनरचाच होता. गोठ्यात जाऊन डबा उचलला. वीस वर्षं असले डबे दिले-घेतले, पण मागची बारीक अक्षरं कधी वाचली नव्हती. वाफ हुंगू नये, पोटात जाऊ देऊ नये, गटारात किंवा जमिनीत ओतू नये. गरोदर बाईच्या बाळाला अपाय होऊ शकतो. ही ओळ मी चारदा वाचली. लेकीला सातवा महिना चालू होता.

पायपाला गंज चढलाय असं सांगून मी घरात जारचं पाणी सुरू केलं. बाळ हलतंय का, म्हणून तिला दिवसातून दहादा विचारायचो. ती हसायची, "कामून ओ अप्पा, एवढी चौकशी?" माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

कुंपणाबाहेर त्याच बोअरचा एक नळ आहे. वडिलांनी तो दासोह म्हणून, धर्मादाय बसवला. कुणीही यावं, भरून न्यावं. वास येतो म्हणून बाया कुरकुरत होत्या, नवं पाणी असंल म्हणत भरूनही नेत होत्या. नळ बंद केला तर कारण सांगावं लागणार होतं. लाज वाटत होती. मी नळ चालूच ठेवला.

चौथ्या दिवशी समोरच्या घरची सून पोराला कडेवर घेऊन तिथं घागर भरत होती. ओट्यावर बसलेल्या लेकीनं तिच्याकडं पाहिलं, मग जारकडं, मग माझ्याकडं.

"अप्पा, पायपाला गंज हाय, तर बाहेर कामून चालू ठेवलाव?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. तिचा हात पोटावर गेला.

"मला कामून सांगायलाव?" ती म्हणाली. "तिला जाऊन सांगा."

नळ वीस पावलांवर होता. घागर भरत आली होती.

"माय, हे पाणी घेऊ नको," मी म्हणालो. "ह्यात विषारी औषध गेलंय. म्याच ओतलंय."

तिनं नळ बंद केला. ओरडली नाही की शिवी दिली नाही. पोराचं तोंड पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं.

"कवापासून, अण्णा?"

"चार दिस," एवढं म्हणायला मला फार वेळ लागला.