खालची साथ

शुद्धलेखन चुकलं असेल तर समजून घ्या. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि दिवसभर पोळ्या लाटून हात असा भरून येतो की अक्षर ओळीवर राहत नाही. पण बाईंबद्दल लिहून ठेवायचं आहे.

"फ्लूटवाला श्वास घेईल, आपण थांबायचं नाही," असं बाई म्हणायच्या.

ओटावात मुलाकडे आल्यापासून मी चार घरी पोळ्या करते. बाईंचं घर मंगळवारचं, दोन बस बदलून. बाई मूळच्या पुण्याच्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या. हॉलमध्ये त्यांचा हार्पसिकॉर्ड. दिसायला लहानसा पियानो, आवाज मात्र तारा छेडल्यासारखा. मंगळवारी एक कॅनेडियन म्हातारा फ्लूट घेऊन यायचा. दोघं तीनशे वर्षांपूर्वीचा एक सोनाटा वाजवायचे. वरचं गाणं त्याचं, खालची साथ बाईंची.

एकदा मी बाईंपुढचं सुरांचं पान पाहिलं. खालच्या ओळीवर बारीक आकडे. सहा, चार, सात.

"बाई, हा कसला हिशेब?"

"हिशेब नाही गं. डाव्या हाताचं लिहिलेलं असतं. उजव्याने काय भरायचं ते आकड्यांवरून आपण ठरवायचं."

"म्हणजे चवीपुरतं मीठ."

बाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

त्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. वाजवताना कमी, पान उलटताना फार. चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता.

"पुढच्या वर्षी ही बोटं चालणार नाहीत. एकदा नीट होऊ दे. पानं तू उलट. मी मान हलवीन."

"मी? मुलाच्या मित्रांपुढे चहा ठेवून आत पळणारी मी!"

"तुझ्याकडे कोण बघतंय? माझ्याकडेसुद्धा बघत नाहीत. सगळे फ्लूटकडे बघतात."

आणि कार्यक्रमात मी दोन पानं एकदम उलटली. तुम्ही तेव्हा बाईंचे हात बघायला हवे होते. थांबले नाहीत. समोर बघतच त्या पुटपुटल्या, "एक मागे. सावकाश." मी पान मागे घेतलं. हात चालूच होते.

नंतर मी वॉशरूममध्ये रडत बसले. दाराबाहेरून बाई म्हणाल्या, "अगं, ये बाहेर. कुणाला कळलं नाही. तो म्हातारा तेवढा श्वास घ्यायचा विसरला. लालबुंद झालाय बघ!"

त्यानंतर बाईंनी लोकांपुढे वाजवलं नाही. थंडीत चमच्यातली आमटीही सांडायला लागली, तेव्हा मुलगी त्यांना व्हँकुव्हरला घेऊन गेली.

महिन्याने घर आवरायला मुलगी एकटीच आली. तिच्या पोळ्या करायला मी गेले, मंगळवारीच. दार वाजलं. फ्लूटची पेटी घेऊन म्हातारा उभा.

"मावशी, हे कोण?"

"आईचे मंगळवारचे."

तो बंद हार्पसिकॉर्डजवळ नेहमीच्या जागी उभा राहिला आणि वाजवू लागला. पहिली ओळ झाली. त्याने श्वास घेतला. खाली काहीच नव्हतं.

माझे हात भरून आले होते. मी लाटायची थांबले नाही.