पाणी न पिणाऱ्या बाया

मॅनेजरनं माझ्या हातात बादली आणि खराटा दिला आणि मला ऑफिसच्या संडासापुढं उभं केलं. चहाची सुट्टी होती. जिनिंगमधले हमाल, ट्रकवाले, आमच्या बाया, सगळे अंगणात. माझा गुन्हा एवढाच, की पोटात कळ आली आणि मी धावत त्या संडासात गेले. तो ऑफिसातल्या लोकांचा. कापूस निवडणाऱ्या बायांचा नाही.

"कोणाले इचारून गेली होती व? आता धुऊन काढ. शेठले जा लागते तिथं."

मी धुतला. भांडं, फरशी, दाराची कडीसुद्धा. तिलाही माझा हात लागला होता ना. हमाल हसत होते. आमच्या बाया खाली बघत होत्या. त्याच दिवशी त्या दाराला कुलूप लागलं.

ही कापसाची सरकी काढणारी जिनिंग नांदुऱ्याजवळची. आम्ही बाया वडनेरहून ऑटोत कोंबून जातो. दिवसभर कापसाच्या ढिगात बसून कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, आणि कचरा निवडायचा. धूळ नाकातोंडात जाते, घसा कोरडा ठाक पडतो. माठ समोरच असतो. तरी कोणी पाणी पीत नाही. बायांसाठी संडास नाही, मुतारी नाही. भिंतीमागं बाभळी आहेत, पण तिथं ट्रकवाले बिड्या ओढत बसलेले. म्हणून नवी पोरगी कामाला आली की आम्हीच तिला शिकवतो : सकाळचा चहा सोड, दुपारची भाकर घोटभर पाण्यावर उतरव. सासूनं सुनेला घरची रीत सांगावी तसं सांगतो. आता आठवलं की माझ्याच अंगाचा तिळपापड होतो.

मग लघवीला आग सुरू झाली. ताप यायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत नाहीस, असंच चाललं तर किडनी जाईल. नवरा म्हणाला, काम सोडून दे. सोडून जाऊ कुठं? घर काय एकट्याच्या मजुरीवर चालतं? आणि दुसऱ्या जिनिंगमध्ये तरी काय वेगळं आहे?

या हंगामात शेठला आमच्या तब्येतीचा पुळका आला. मांडव पडला. 'निरोगी कामगार, आनंदी कामगार' असा फलक लागला. पुण्याहून एक मॅडम आल्या. गोड बोलायच्या. श्वास कसा घ्यायचा, मन शांत कसं ठेवायचं, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या. तहान लागायची वाट बघू नका."

बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मॅडमला काही कळेना.

नंतर स्टीलच्या बाटल्या वाटल्या. मॅनेजर म्हणाला, फोटो काढायचा आहे, सगळ्यांनी एकदम पाणी प्या. सगळ्यांनी बाटल्या ओठाला लावल्या. मी शेजारच्या कमलबाईकडं पाहिलं. तिचा गळा हलला नाही. पलीकडचीचाही नाही. एकीनंही घोट घेतला नव्हता. फोटोपुरतंसुद्धा पाणी पोटात जाऊ द्यायला भीत होत्या बाया. माझं डोकं फिरलं. मी उठले.

"मॅडम, पानी पेतो आमी. पन मुताले कुठं जावाव, थे सांगा."

मॅनेजर धावत आला.

"बस खाली. लाज नाही वाटत बाईमानसाले?"

"वाटते ना. म्हनूनच तं पानी पेत नाही."

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. पुढच्या महिन्यात बांधकाम काढतोय, असं तो म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि मान मोकळी करायचा व्यायाम सुरू केला. बादलीपेक्षा हे मला जास्त लागलं. मॅनेजरला तर आमचं काही पडलेलंच नव्हतं. या बाईला कळलं होतं, आणि कळूनही ती पुढं गेली.

मी उभ्यानंच बाटली तोंडाला लावली आणि रिकामी केली. सगळ्यांच्या देखत. थोड्या वेळानं ऑफिसात जाऊन संडासाची किल्ली मागितली. मॅनेजर म्हणाला, उद्यापासून येऊ नको. मी तशीच लघवी दाबून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर. हंगाम भरात, माणसं कमी, म्हणून मुकादमानं मुकाट्यानं आत घेतलं. बांधकामाची एक वीट अजून पडली नाही. मॅनेजर सांगत फिरतो, ही बाया बिघडवते. बिघडवतेच. कमलबाई आता दुपारी पाणी पिते. भीत भीत, पण पिते.

उद्या मी घरून चहा घेऊन निघणार. जिनिंगमध्ये पोचल्यावर माठातलं पाणी पिणार, घसा ओला होईपर्यंत पिणार. लागली की ऑफिसात जाऊन किल्ली मागणार. दिली तर ठीक. नाही दिली तर बाभळीमागं जाणार नाही, घरापर्यंत दाबूनही धरणार नाही. तिथंच, मॅनेजरच्या टेबलापुढं बसणार.