निर्मळच्या बाजूने आलेला आवाज

आधीच सांगते, मी अशा गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते ते करमणूक म्हणून, आणि बहुतेक वेळा "पित्त झालं असेल" म्हणून पान उलटते. मी शाळेत विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा — कंपन, माध्यम, कानाचा पडदा — दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी त्या धड्याला माझी जीभ अडखळते. का, ते आज लिहिते आहे. नावं बदलली आहेत, जागा खऱ्या आहेत.

माझं माहेर सोपारा गावात. आम्ही कोकणी मुसलमान. गल्लीत समोरासमोर घरं, प्रत्येकाला ओटा, मागच्या बाजूला केळीच्या वाड्या आणि त्या ओलांडल्या की निर्मळ गाव. लग्नानंतर मी वसईला एव्हरशाईन सिटीत राहायला गेले. नवरा, इम्तियाज, सौदीत इंजिनीयर. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मला "नशीबवान आहेस हो" म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं होतं. शनिवारी शाळा सुटली की मी अम्माकडे मुक्कामाला जायची.

अम्माच्या घरासमोर फरीदाचं घर. आम्ही दोघी एका वर्गातल्या. ती ओट्यावर शिलाई मशीन टाकून बायकांचे कपडे शिवायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे कुणी विचारायचं नाही, नशीब म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. तिची आई, हलिमाचाची, त्याच काळजीत झिजून वारली होती.

ही गोष्ट १९९९च्या मार्चमधली. दोन हजार साल येणार म्हणून सगळीकडेच दुनिया बुडायच्या गप्पा चालू होत्या. बिल्डिंगमधले लोक कंप्युटर बंद पडतील म्हणायचे, आमच्या गल्लीत कयामतच्या निशाण्यांच्या कॅसेट फिरायच्या. सूर्य पश्चिमेला उगवणार, मग तौबाचा दरवाजा बंद होणार... कयामतआधी लोकांना फसवायला येणारा एका डोळ्याचा दज्जाल म्हणजे घराघरातला टीव्ही, असा एकाने अर्थ लावला होता — आणि तोच माणूस क्रिकेटची एक मॅच सोडायचा नाही. मी हसायची. म्हणायची, अम्मा, ही सगळी प्रतीकं असतात गं, फरिश्ते म्हणजे निसर्गाच्या शक्ती, असं कितीतरी आलिमांनी, धर्माच्या पंडितांनी लिहून ठेवलंय. अम्मा म्हणायची, "असेल. तू शिकलेली आहेस."

तिला तिच्या वडिलांनी सांगितलेलं पुरत होतं. इस्राफील नावाचा फरिश्ता दुनिया बनली तेव्हापासून कर्णा ओठांना लावून उभा आहे. हुकूम चुकेल म्हणून पापणीसुद्धा मिटत नाही. तो फुंकेल तेव्हा लोक आपापल्या कामात असतील. कुणी पाण्याचा हौद नीट करत असेल. कुणी कापड पसरून बसलेलं असेल, त्याला घडी घालायलाही वेळ मिळणार नाही. आणि आपल्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते — उजवा चांगलं लिहितो, डावा वाईट. नमाज संपताना आपण मान दोन्हीकडे वळवून सलाम करतो ना, तेव्हा अम्मा डावीकडे वळताना डोळे मिटायची. लहानपणापासून बघत आले होते. मला वाटायचं, तिची सवयच तशी.

त्या रविवारी सकाळी ऊन वर आलं होतं. अम्मा आत चटईवर तसबीहचे मणी ओढत बसली होती. मी मागच्या अंगणात पिंप धुऊन पाणी भरत होते. आणि आवाज आला.

निर्मळच्या बाजूने, केळीच्या वाड्यांवरून. पितळी वाद्याचा आवाज, एकच. चाल नाही, चढउतार नाही. अगदी बारीक सुरू झाला आणि वाढत गेला... मधे श्वास घेतल्याची जागाच नाही. पिंपातलं पाणी काठोकाठ भरून माझ्या पायावर आलं तेव्हा मला भान आलं. मी घाबरले नव्हते, हे नमूद करते. कारण वाड्यांपलीकडे पास्कूकाका राहायचे. वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत बँड असतो, त्यात ते ट्रम्पेट वाजवायचे. त्यांची प्रॅक्टिस आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो.

अम्मा दारात आली. डोक्यावर ओढणी नव्हती. माझ्या अम्माला मी तोवर उघड्या डोक्याने अंगणात पाहिलेलं नव्हतं.

"ऐकलंस?"

"पास्कूकाका आहेत गं."

तिने माझ्याकडे बघितलं, वाहणाऱ्या पिंपाकडे बघितलं, आणि वळून घरातून आरपार पुढच्या दाराने बाहेर गेली. अनवाणी. मी मागे धावले. समोर ओट्यावर फरीदा कापड पसरून बसली होती, हातात कात्री. नळावर चार बायका होत्या. अम्मा त्या कापडावरच गुडघ्यांवर बसली आणि तिने फरीदाचे पाय धरले.

"फरीदा, माफ कर. आत्ताच्या आत्ता कर, टाइम नाय. तुला आकडी येते असं मीच सांगितलं इम्तियाजच्या आईला. तू रोज्यात चक्कर येऊन पडलेलीस ना, त्याचं मी आकडी केलं. ती तुला बघायला आलेली. मी तिला माझ्या घरी चहाला नेली."

मी ओट्याच्या पायरीशी उभी होते. इम्तियाजची आई मला बघायला का आली, हे मला तोवर एकाच प्रकारे माहीत होतं: मी बी.एस्सी. झाले होते म्हणून. हे मी बिल्डिंगमधल्या बायकांना किती वेळा ऐकवलं असेल! ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं. आमच्यात असं आहे की अल्लाशी केलेला गुन्हा अल्ला माफ करतो, पण माणसाशी केलेला गुन्हा त्या माणसानंच माफ करायचा असतो. त्यात मध्यस्थ नाही. अम्मा इतकी वर्षं त्या ओट्यासमोरून ये-जा करत होती, आणि मागायला तिला कयामत लागली.

फरीदाने कात्री खाली ठेवली. अम्माकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही गं. खरंच नाही."

अम्माचे हात तिने हळूच सोडवले आणि म्हणाली, "चाची, माझं मी बघीन एखाद्या दिवशी. पण माझ्या आईच्या वाटचं मी कसं माफ करू? ती रात्ररात्र जागायची."

अम्मा रडायला लागली. तोवर आवाज थांबला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी तिला उठवून घरी आणलं आणि तशीच वाडीतून पास्कूकाकांकडे निघाले. लाज अंगाला चिकटलेली होती आणि ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती. पास्कूकाका वाजवत होते असं एकदा ठरलं की अम्मा चळली, वय झालं, काहीतरी बडबडली, असं म्हणता येणार होतं. माझ्या घराला, माझ्या नवऱ्याला कुणी बोट लावलं नसतं.

पास्कूकाका अंगणात केळीची पानं कापत होते. मी म्हटलं, "काका, सकाळी सकाळी कशाला एवढं जोरात वाजवता?"

ते हसले, आणि मी बघतच राहिले. वरचे पुढचे दात नव्हतेच.

"कोन वाजवनार?" ते फसफसत म्हणाले. "आमचे उपासाचे दिवस. लग्नं नाय, बँड नाय. म्हनून तर आत्ता काढून टाकले. बँडवाले दाताचं काम याच दिवसांत करतात, ईस्टरनंतर नवीन बसवनार. या तोंडानं काय फुंकू, सांग!"

"मग दुसरं कोणी? तुमच्यातलं कोणी?"

"उपासात कोन वाद्याला हात लावेल, पोरी?" मग माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "पन मी इथेच हाय पहाटेपासून. मला कसं नाय ऐकू आलं?"

त्यांच्या बायकोनेही ऐकलं नव्हतं. परत येताना मी वाडीत भेटेल त्याला विचारत आले. कुणीच नाही.

गल्लीत शिरले तर नळावरच्या बायका तशाच. त्यातली एक म्हणाली, "काय गं, अम्माला भास झाला ना? आम्हाला तर कायच आलं नाय ऐकायला." समोर फरीदा कापडाची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण फरीदा ऐकत होती. मी म्हटलं, "भास नाही. मलाही ऐकू आला." आणि घरात गेले. मोठं धैर्य वगैरे नव्हतं ते.

मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, कर्णा फुंकला जाईल तेव्हा पूर्ण दुनियेला ऐकू येईल. दोघींनाच ऐकू आला तो इस्राफीलचा नव्हे, कान दाखवून घ्या. दाखवले. दोघींचेही ठणठणीत. इम्तियाजला सौदीला फोन केला, सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, "कोण फरीदा?" मला त्या क्षणी माझ्या आईपेक्षाही त्याची लाज वाटली. आणि स्वतःचीही, कारण हायसंही वाटलं होतं.

अम्मा त्यानंतर काही वर्षं जगली. रोज सकाळी ओट्यावर बसायची, फरीदा समोर शिवत असायची. फरीदाने बोलणं तोडलं नाही, सणाला शीरखुर्मा घेतला-दिला. पण तो एक शब्द ती बोलली नाही, आणि अम्माने दुसऱ्यांदा मागितला नाही. नमाजात डावीकडे वळताना अम्मा आता डोळे उघडे ठेवायची.

अम्मा गेली तेव्हा गुस्ल द्यायला, म्हणजे मयताला आंघोळ घालायला, घरच्या बायका कमी पडल्या. फरीदा न बोलावता आली, बाह्या वर करून बसली. मी पाणी ओतत होते. अम्माचे केस धुऊन झाल्यावर फरीदा खाली वाकली, तोंड अम्माच्या कानाशी नेलं आणि काहीतरी बोलली. दोन शब्द असतील, नाहीतर चार. मी हातभर अंतरावर होते. तांब्यातलं पाणी मी थांबवलं, श्वाससुद्धा थांबवला... मला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"ते चाचीचं आहे," ती म्हणाली. "पाणी ओत."

त्या रविवारी अम्मा सोडून कुणालाच न आलेला आवाज मला कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. पण आता मला ते उत्तर नकोही आहे. फरीदा काय बोलली, तेवढं मला ऐकू यायला हवं होतं. अजून समोरासमोर आलो की मी तिच्या तोंडाकडे बघते, आणि ती कपड्याचं माप विचारते.