अंगावरून गेलेलं वारं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर भोरच्या माझ्या दवाखान्यातल्या सगळ्या फजित्या मी रंगवून सांगत असे. भलताच दात उपटला, तेसुद्धा सांगितलं. मग हेच का राहिलं?

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायला मी नुकताच शिकलो होतो, आणि नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा मिरवत होतो. हिर्डोशीचे धोंडिबा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, आपण होऊन सांगितलं, "डाक्टर, पायात रगात गोठलं व्हतं, म्हून पुण्याच्या डाक्टरांनी ह्येंला रगात पातळ व्हायच्या गोळ्या दिल्यात. रोज घेत्यात. चालंल न्हवं?"

थांबायला हवं होतं. अशा माणसाच्या पाठीत सुई गेली तर आत रक्त साकळतं, मज्जारज्जू दबतो — हे मी वाचलेलं होतं. पण पुण्याहून बोलावलेले सर्जन हात धुऊन उभे... त्यांना परत कसं पाठवायचं? म्हणून मी काय केलं? विनोद! "मावशी, तुमच्या हातचा चहा पिऊन यांचं रक्त कधीच पातळ झालंय!"

"खरं हाय की वो!" धोंडिबा खदखदून हसले. त्या हसण्यातच मी सुई दिली.

ऑपरेशन झकास झालं. पाय मात्र हलेनात. तेव्हाच पुण्याला हलवलं असतं तर — कदाचित. पण तिथं पहिला प्रश्न गोळ्यांचाच आला असता, नाही का? "वयामुळं भूल उतरायला वेळ लागतो," मी म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी साळूबाईंनीच विचारलं, "अंगावरनं वारं गेलं का वो?" आपल्याकडे लकव्याला असंच म्हणतात. मी मान हलवली — होय.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्याच मेलीनं खिडकी उगडी ठिवली. ह्येंला उकडतंय म्हून."

आणि मी उठून ती खिडकी लावून घेतली.

पुढं काही वर्षांनी लस टोचायला हिर्डोशीला जाणं झालं. धोंडिबा भिंतीला टेकून बसले होते. भरदुपारी खोलीत अंधार. साळूबाईंनी तिथली एकुलती खिडकी दगडमातीनं बुजवून वरून लिंपून घेतली होती.

"आता वारं शिरायला फट म्हून ठिवली न्हाई बगा," त्या म्हणाल्या.

मी त्या लिंपणावरून हात फिरवला. म्हणालो, "बरं केलंत, मावशी."