मामाने आकृत्या सरळ केल्या

खाली बसून रंधा मारून मारून सुतारमामाचे गुडघे कामातून गेले, म्हणून त्याला कारखान्यात मुकादम व्हायचं होतं. त्यासाठी लेखी परीक्षा होती, आणि शिकवायला मी, म्हणजे आनंदच होता.

मी चाळीस अंशांचा कोन काढला आणि त्याला लागून साठचा.

"मधली भुजा दोघांची, म्हणून हे संलग्न कोन. पण मामा, ही रेषीय जोडी आहे का?"

"आहे की. फळीवर तिरपा काप घेतला की असेच दोन कोन पडतात."

"अरे, त्यांची बेरीज एकशे ऐंशी होते. इथे शंभरच आहे."

"मग उरलेले ऐंशी कोणी ढापले?"

"बाहेरच्या भुजा एका रेषेत नाहीत ना!"

"म्हणजे काढणाऱ्याचा हात वाकडा, भाचेबुवा."

आठवडाभर पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. परीक्षा देऊन मामा खुशीत घरी आला.

"सहापैकी चार आकृत्या वाकड्या छापल्या होत्या. मी पट्टी लावून सगळ्या सरळ केल्या आणि खाली 'रेषीय जोडी' लिहिलं. मुकादमाला अशीच नजर लागते, काय?"