आतला खटका

सुखदेव मेश्रामचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या त्या भाड्याच्या खोल्यांना पाणी तेवढ्या वेळेपुरतंच यायचं. माठ भरायचा, डबा घ्यायचा आणि नाक्यावर शेअर ऑटोत स्वतःला कोंबून घ्यायचं.

त्याच्या कारखान्यात शीतगृहांचे दरवाजे बनत. पूर्वी ते आइस्क्रीमवाल्यांकडे जात, आठवड्याला एखादा. मग रत्नागिरीचं बंदर वाढलं. मोठ्या बोटी आल्या. बायका जिथे वाळूवर मासळी सुकवत, तिथे मासळी गोठवायचे कारखाने उभे राहिले, आणि हजार मैलांवर मानेसरमध्ये ओव्हरटाइम सुरू झाला. सुखदेवने समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे दिवसाला दोन दरवाजे.

त्याचं काम सगळ्यात शेवटचं. दरवाजा चौकटीत बसला की आत जायचं, बाहेरून कडी घालायला लावायची आणि आतला खटका तळहाताने ढकलून बाहेर यायचं. आत अडकलेल्या माणसाला तेवढीच एक वाट. सुखदेव प्रत्येक दरवाजात स्वतः अडकायचा. स्टोअरचा राजाभाऊ त्याला कैदी म्हणे.

ओव्हरटाइमचे पैसे फ्रीजसाठी बाजूला पडत. त्याची बायको लीलाबाई हिने खोलीतला एक कोपरा फ्रीजला दिला होता. तिथे ती झाडूसुद्धा टेकू देत नसे.

त्यांची मुलगी समता रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकली आणि तिथेच एका कारखान्यात मासळी तपासायला लागली. पहिल्या रविवारी तिचा कामावरूनच फोन आला.

"थंडी फार असते बाबा. पण जाकीट देतात."

"जाकीट राहू दे. दार आतून उघडतं का?"

"आत कुणी असलं की उघडंच असतं. लाकडी ठोकळा लावतात."

"ठोकळा कुणाच्या पायाने सरकला तर?"

"आत खटका आहे ना."

"जा. दार उघडं ठेवूनच खटका दाबून बघ."

ती गेली. परत आली तेव्हा धापा टाकत होती. "जाम आहे. चारही दारांचे जाम आहेत. साहेबांना सांगितलं. मंजुरी आली की बदलू म्हणाले."

"तोवर आत जाऊ नकोस."

"मग पगार कशाचा देतील, बाबा?"

सुखदेवने तिला दाराची जाडी मोजायला लावली.

सोमवारी तो स्टोअरच्या खिडकीशी उभा राहिला. "जयभीम राजाभाऊ. चार खटके दे. पूर्ण संच. पैसे मी भरतो."

"काय कैदी, घरी तुरुंग काढतोस का?"

"रत्नागिरीला पाठवायचेत. पोरीच्या कारखान्यात."

"कंपनीच्या दाराला तुझा पैसा? पागल झालास का यार?"

"दार कंपनीचं आहे. पोरगी माझी आहे."

राजाभाऊने चार संच मोजून दिले. सूट दिली नाही, ती त्याच्या हातात नव्हती. रत्नागिरीची ती दारं जास्त जाड होती, म्हणून खटक्यापासून दारापार जाणाऱ्या सळ्या लांब लागल्या. सुखदेवने पाळी सुटल्यावर त्या कापल्या आणि हाताने आटे पाडले. घाईत पाडलेला आटा आधी जातो. त्याने घाई केली नाही.

पार्सल पोचलं. तिथल्या फिटरने खटके बसवले. समताने फोन केला.

"बसले बाबा."

"कुणी आत गेलं का?"

"नाही."

"जा. फिटरला बाहेर उभं कर आणि कडी घालायला सांग."

ती आत गेली. कडी पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पत्र्याच्या खोलीत फोन चालत नाही, हे सुखदेवला माहीत होतं. तरी त्याने फोन कानाला धरून ठेवला.

"काय झालं?" लीलाबाईने विचारलं.

"आत गेली."

"मग?"

"मग बाहेर येईल."

लीलाबाईने गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसली. भाजी अर्धी कच्ची राहिली.

फोन वाजला. "उघडलं! एका धक्क्यात."

"बाकीची तीन?"

"बाबा, खूप थंडी आहे हो."

"बाकीची तीन."

फोन आणखी तीनदा बंद पडला आणि तीनदा वाजला. मग लीलाबाईने पुन्हा गॅस पेटवला.

"म्हणजे आपला फ्रीज रत्नागिरीला गेला," ती म्हणाली.

"चार खोल्यांचा आहे," सुखदेव म्हणाला आणि माठातलं पाणी प्यायला.

दोन वर्षांच्या ओव्हरटाइमचे चार खटके झाले. लीलाबाईने झाडू आणि बादली उचलली आणि फ्रीजच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.